बारावीनंतरची बस

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत कर्मचाऱ्यांमधलं स्त्रियांचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास दिलेलं असतं. म्हणजे एकाच कंपनीत दोन लाखांहून जास्त स्त्रिया. अमेरिकेत संगणकाशी संबंधित नोकऱ्यांत स्त्रियांचा वाटा कित्येक वर्षं एक चतुर्थांशाच्या आसपास घुटमळतो आहे. ते पाहिलं की आपल्याकडे सॉफ्टवेअरमध्ये बायकांची वानवा आहे असं म्हणायलाच जागा उरत नाही. संध्याकाळी हिंजवडीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसमधून उतरणाऱ्या मुली पाहिल्या तरी तसंच वाटेल.

पण या मुली आल्या कुठून, हे त्या ३५ टक्क्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. पुण्यामुंबईत वाढलेली, आईवडील दोघंही पदवीधर असलेली मुलगी आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरची मुलगी त्या हिशोबात एकाच रकान्यात जातात. सुलतानपूर हे लोणार तालुक्यातलं, मेहकर आणि लोणार यांच्या दरम्यानचं गाव. आजूबाजूला सोयाबीन, तूर, कापूस. लोणारचं उल्कापाती सरोवर काही मैलांवर. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मुंबई-हावडा रेल्वे आहे, तिच्यावर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं आहेत. दक्षिणेकडच्या लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांना मात्र अजून रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून आहे आणि ती अजून मागणीच आहे. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेला, पण त्यावर चढायला आपली गाडी लागते, नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स.

सुलतानपूरहून पुणं साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. सॉफ्टवेअर क्षेत्रातली खेड्यांतल्या स्त्रियांची, दलितांची, मुस्लिमांची वानवा समजून घ्यायची तर कंपनीच्या दाराशी उभं राहून फारसं काही कळत नाही. या साडेतीनशे किलोमीटरांत कोण कुठे गळतं, ते पाहावं लागतं.

आधी एक भ्रम दूर करायला हवा. प्रोग्रामिंग हे मुळात पुरुषांचं काम आणि बायका त्यात मागाहून शिरल्या, असं पुष्कळांना वाटतं. इतिहास नेमका उलटा आहे. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या अमेरिकन संगणकाचे पहिले प्रोग्रामर म्हणजे सहा तरुणी होत्या. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावं. यंत्राच्या तारा कुठून कुठे जोडायच्या, कुठली कळ केव्हा फिरवायची, हे त्यांनी नकाशे वाचून स्वतः शोधून काढलं. यंत्र बांधणं हे पुरुषांचं, मानाचं काम. ते चालवणं हे कारकुनी, म्हणून बायकांचं, अशी वाटणी होती. त्या कामाला किती बुद्धी लागते हे लक्षात आलं, पगार वाढले, तसे पुरुष तिकडे वळले. तरीही १९८४ पर्यंत अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्यांपैकी सुमारे ३७ टक्के मुलींना मिळत होत्या. मग हा आकडा घसरला तो २०१० च्या सुमारास १८ टक्क्यांवर येऊन थांबला. डॉक्टरकी, वकिली, विज्ञान या सगळ्या क्षेत्रांत मुली वाढत असताना याच क्षेत्रात त्या निम्म्यावर आल्या.

त्याचं एक मोठं कारण घरात होतं. ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक आले, ते मुलांचं खेळणं म्हणून विकले गेले आणि मुलाच्या खोलीत ठेवले गेले. ती मुलं कॉलेजात आली तेव्हा चार-पाच वर्षांचा सराव घेऊन आली. प्राध्यापकांनी तो सराव म्हणजेच बुद्धी असं धरून शिकवायला सुरुवात केली. पहिल्या सत्रातच मुलींना वाटू लागलं की हे आपलं क्षेत्र नव्हे.

भारतात असं झालं नाही. घरोघरी संगणकच नव्हते, त्यामुळे मुलगा आणि मुलगी दोघंही कॉलेजात पहिल्यांदाच कीबोर्डला हात लावत होते. शिवाय आईवडिलांच्या नजरेतून हे काम मुलीसाठी बरं होतं: साइटवर उन्हात उभं राहायला नको, कारखान्यातली पाळी नको, छपराखाली बसून, एसीत, चांगल्या पगाराचं. सिव्हिल किंवा मेकॅनिकलला मुलगी घालायला कचरणारे पालक कॉम्प्युटरला हो म्हणाले. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्यात मुलाखतीला बोलावणं आलं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या एकट्या मुलगी होत्या. तिथपासून दोन लाखांपर्यंतचा पल्ला खरा आहे आणि तो कमी लेखायचं कारण नाही.

मात्र हा पल्ला कापला तो बहुतेक करून शहरातल्या, इंग्रजीशी ओळख असलेल्या, वरच्या जातींमधल्या आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींनी. कॅरल उपाध्या यांनी बंगळूरच्या आयटी क्षेत्राचा जो अभ्यास केला, त्यात तिथले कर्मचारी मुख्यतः अशाच घरांमधले निघाले, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही.

बुलढाण्यात गळती जन्माआधीच सुरू होते, हे लिहिताना हात जड होतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बुलढाणा जिल्ह्यात ८५५. ज्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्म झाला, ज्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून बायकांवर लादलेल्या दोषांचा जाब पुरुषांना विचारला, त्याच जिल्ह्याचा हा आकडा आहे. ताराबाईंना शाळेत जायला मिळालं नव्हतं. वडील, बापूजी हरी शिंदे, बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी घरीच तिला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. बापाच्या मनात आलं म्हणून मुलगी शिकली. दीडशे वर्षांनंतरही पुष्कळ घरांत निर्णय तसाच होतो.

जगलेल्या मुलींचं पुढे काय होतं? शाळेपर्यंत बरं चाललेलं असतं. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस खास मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी सुरू झाल्या. साधी सोय, पण तिचं बळ मोठं असतं. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली आणि मुलामुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. शिष्यवृत्ती नाही, भाषणं नाहीत, दोन चाकं.

आपला मोफत पास बारावीला संपतो. सॉफ्टवेअरचं शिक्षण सुरू होतं ते त्यानंतर.

समजा, सुलतानपूरच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला दहावीला नव्वद टक्के पडले. शाळेत सेमी होतं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत. पण इंग्रजी बोलायचा प्रसंग कधी आला नाही. अकरावी सायन्स. बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स हा विषय घेता येतो, पण तो सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत नसतो. घरात एक स्मार्टफोन, तो भावाकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचं प्रमाण ४८.७ टक्के होतं, स्त्रियांचं २४.६. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात मुलाच्या खोलीत संगणक गेला आणि मुलगी मागे पडली, ते आपल्याकडे आता फोनच्या रूपात घडतं आहे. भारताला तेव्हा जी बरोबरी आपोआप मिळाली होती ती आता मिळणार नाही.

तरीही या मुलीचा संगणकाशी संबंध येतो, आणि तो कुठे येतो हे पाहण्यासारखं आहे. तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीचं सेंटर असतं आणि शेजारी टायपिंग इन्स्टिट्यूट. सकाळच्या बॅचला मुलींची रांग. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्द मिनिटाला. बाहेर बाकावर पुढच्या बॅचच्या मुली दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या. सरकारी भरतीला हे सर्टिफिकेट लागतं, म्हणून घरचे फी भरतात. त्यापुढे टॅली. या मुलींची बोटं पुण्यातल्या कितीतरी इंजिनिअरांपेक्षा जलद चालतात. पण यंत्राला काय सांगायचं ते ठरवण्याचं शिक्षण तिथे कुणी देत नाही, दुसऱ्यानं बनवलेल्या खिडकीत माहिती भरायची एवढंच. एनिॲकच्या त्या सहा जणींच्या हातात निदान यंत्राचे नकाशे तरी पडले होते. मला वाटतं, महाराष्ट्रानं गेल्या पंचवीस वर्षांत इतकी मोठी संधी दुसरी कुठलीच हुकवली नसेल. गावोगावी खोल्या आहेत, यंत्रं आहेत, शिकवणारे आहेत आणि मुली रोज तिथे येऊन बसतात. त्याच खोलीत, त्याच फीमध्ये प्रोग्रामिंगचे सहा महिने घातले असते तर?

बारावी झाली, सीईटी झाली, पर्सेंटाइल चांगला आला. आता इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म. तो ऑनलाइन सेंटरवर भरला जातो. स्क्रीनसमोर सेंटरवाला, मागे मुलीचे वडील आणि मामा, त्यांच्या मागे ती. “पुण्याचं नको टाकू भाऊ. शेगाव टाक, चिखली टाक.” मुलीला पुण्यातलं चांगलं कॉलेज लागू शकतं हे सेंटरवाल्याला दिसतं. तो एकदा सांगून पाहतो, मग सांगितलेलं भरतो. यात वडिलांना खलनायक करायचं कारण नाही. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या मुलामुलींच्या कॉलेज-निवडीचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की जाण्या-येण्याचा रस्ता सुरक्षित असावा म्हणून मुली हाती आलेलं वरच्या दर्जाचं कॉलेज सोडून खालचं घेतात. मुलं तसं जवळजवळ करत नाहीत. तिथे प्रश्न रोजच्या बसचा होता. सुलतानपूरच्या वडिलांपुढे साडेतीनशे किलोमीटर आणि अनोळखी खोली आहे.

शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे आणि त्यानं विदर्भातल्या कितीतरी पिढ्या घडवल्या. पण सुलतानपूरहून शेगावही शंभर किलोमीटरच्या आसपास. रोज ये-जा शक्य नाही. म्हणजे जवळचं कॉलेज घेतलं तरी राहण्याचा प्रश्न सुटत नाहीच.

राज्यानं इथपर्यंत काही केलं नाही असं नाही. प्रवेशात मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पूर्वी निम्मी होती. हा निर्णय मोठा आहे. त्यानं कितीतरी घरांतला पहिला अडथळा काढला. पण खोलीचं भाडं, मेस, प्रवास आणि लॅपटॉप माफीत येत नाहीत. चाळीस हजारांचा साधा लॅपटॉप धरा. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे लॅपटॉपला आठ क्विंटलहून जास्त सोयाबीन, तेही हमीभाव खरंच हाती पडला तर. कोरडवाहू जमिनीत दीड-दोन एकरांचं सगळं पीक. आणि ज्या घरात मुलगाही शिकतो आहे, तिथे ते सोयाबीन कुणासाठी विकलं जातं हे वेगळं सांगायला नको.

आता अल्पसंख्य आणि दलितांकडे येऊ. बुलढाणा जिल्ह्यात साधारण सात जणांत एक मुस्लिम आणि एक बौद्ध आहे. सच्चर समितीनं २००६ साली नोंदवलं की वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका असलेले ४ टक्क्यांहूनही कमी आहेत. देशाचं प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. म्हणजे कंपनीच्या गेटपर्यंत पोचणारेच कमी. पण पोचल्यावर काय?

याचं उत्तर शोधणाऱ्यांत अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आहेत. त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: एक नाव सवर्ण हिंदू वाटेल असं, एक दलित, एक मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. फरक नावापलीकडे कशाचाही नव्हता.

याच सुमारास अभिजीत बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी दिल्ली परिसरात ३७१ जागांसाठी ३,१६० बनावट बायोडेटा पाठवले, तेही खास सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या नोकऱ्यांसाठी. कॉल सेंटरमध्ये जातीनुसार फरक दिसला. सॉफ्टवेअरमध्ये मात्र दखल घ्यावी असा फरक जातीतही दिसला नाही आणि धर्मातही नाही.

दोन अभ्यास, दोन उत्तरं. मला दोन्ही खरी वाटतात, आणि दोन्ही एकत्र वाचली तरच अर्थ लागतो. सॉफ्टवेअरला त्या काळात माणसं कमी पडत होती, कौशल्य परीक्षेनं तपासता येत होतं, बोलण्याचालण्याच्या ढबीला कॉल सेंटरइतकं महत्त्व नव्हतं. म्हणून बायोडेटाच्या पातळीवर दार उघडं राहिलं. पण त्या प्रयोगातल्या प्रत्येक बनावट उमेदवाराला संशोधकांनी पदवी आणि अनुभव आधीच बहाल केलेला होता. सुलतानपूरच्या मुलीला तो बायोडेटा तयार होईपर्यंतच अडवलं जातं. जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत हाती नाही म्हणून प्रवेशाची तारीख हुकते. कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीला साठ टक्के थ्रूआउट मागतात. बारावीनंतर घरच्यांनी दोन वर्षं बसवून ठेवलं असेल तर गॅप आडवा येतो. ॲप्टिट्यूड निघतं, कोडिंग निघतं, आणि मग मुलाखतीत घरी कोण काय करतं असा प्रश्न येतो. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली लिहिलं की उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारणं त्यांना अगदी स्वाभाविक वाटतं. गुणवत्तेवर विश्वास आहे असं सांगतच ते ती विचारतात. शेतमजूर आईवडिलांची मुलगी या प्रश्नाला अडखळते, आणि तिचं कम्युनिकेशन कच्चं अशी नोंद होते.

हे सगळं समुद्रापार गेल्यावरही मागे राहत नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेनं सिस्को कंपनीवर दावा दाखल केला. एका दलित इंजिनिअरला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वेगळी वागणूक दिली, असा आरोप होता. कंपनीनं तो नाकारला आणि २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांविरुद्धचा भाग यंत्रणेनं मागेही घेतला. पण त्या निमित्तानं अमेरिकेतले किती तरी दलित इंजिनिअर पहिल्यांदा बोलते झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल हे जातिभेदाला कायद्यानं बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि स्वतः संगणकशास्त्र शिकून काही काळ सॉफ्टवेअर इंजिनिअर राहिलेल्या.

नोकरी लागल्यानंतरच्या गळतीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. अमेरिकेच्या वेळेनुसार होणारे संध्याकाळचे कॉल, लग्नानंतर बदललेलं शहर, बाळंतपण, मग सासूबाई गावी राहतात म्हणून मूल सांभाळायला कुणी नाही. २०१७ मध्ये कायद्यानं बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊनंतर स्त्रीची संमती, तिचं संरक्षण आणि घरी पोचवण्याची व्यवस्था या अटी घातल्या. यामागे पुण्यात २००७ आणि २००९ साली कामावरच्या प्रवासात झालेल्या तरुणींच्या खुनांचा आघात होता. त्या बातम्या मेहकर-लोणारच्या घरांतही पोचल्या होत्या, आणि ऑप्शन फॉर्मवर पुणं खोडताना त्या कुणाच्या तरी मनात असतातच.

मग यातून वाट कुठून? महाराष्ट्राला ही वाट जुनी ठाऊक आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उघडली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं स्थापनेनंतर वर्षभरात, १९२५ साली, सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. औरंगाबादला १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात खेड्यांतली मुलं शिकू शकली, कारण नागसेनवन या कॉलेजच्या परिसरात राहण्याची सोय झाली. या सगळ्यांनी ओळखलं होतं की गावातून आलेल्या मुलाला शहरात आधी निजायला जागा लागते, दोन वेळचं जेवण लागतं, पुस्तक त्यानंतर. ही वसतिगृहं मुख्यतः मुलांची होती. मुलींसाठी हेच काम धोंडो केशव कर्व्यांनी केलं. १८९६ साली विधवांसाठी काढलेला आश्रम त्यांनी १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. त्याच हिंगण्यात, आजच्या कर्वेनगरात, त्यांच्याच संस्थेनं १९९१ साली कमिन्सचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज उघडलं. माळावरच्या झोपडीतल्या विधवा आणि आज तिथे कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुली यांना जोडणारा धागा वसतिगृहाचाच आहे. खेड्यातला बाप मुलीला कॉलेजच्या भरवशावर फारसा सोडत नाही, वसतिगृहाच्या बाईंच्या भरवशावर सोडतो.

आज सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पुण्यामुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. पैसे उशिरा येतात ही नेहमीची तक्रार, आणि मेसवाला उशीर ऐकून घेत नाही. शिवाय पैसे हाती आले तरी अठरा वर्षांच्या मुलीनं खोली शोधायची कुठे? आडनाव ऐकून, धर्म विचारून खोली नाकारणारे घरमालक कुठल्याही शहरात भेटतात. रोख रकमेनं हा प्रश्न सुटत नाही. त्याला इमारतच लागते.

आणि वर्गात शिरल्यावरही काही बदलावं लागतं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात ७ टक्के मुली होत्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी मुलामुलींशी वर्षानुवर्षं बोलून कारणं शोधली. विद्यापीठानं प्रवेशातला आधीच्या प्रोग्रामिंग-अनुभवाचा भार काढला, सराव असलेल्यांसाठी आणि नसलेल्यांसाठी सुरुवातीचे वेगळे वर्ग ठेवले, शाळाशिक्षकांना हाताशी धरलं. २००० साली पहिल्या वर्षात मुली होत्या ४२ टक्के. अभ्यासक्रम सोपा केला नव्हता. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, १४ टक्क्यांपासून २०२० पर्यंत २० टक्क्यांपर्यंत. त्याआधी तिथे जेमतेम दहातली एक मुलगी असे. दोन्ही ठिकाणी संस्थांनी मनावर घेतलं आणि पाच वर्षांच्या आत चित्र पालटलं.

सुलतानपूरसाठी लागणारी यादी याहून साधी आहे. मोफत पास बारावीऐवजी पदवीपर्यंत. मेहकर, चिखली, शेगावला मुलींची वसतिगृहं, सर्व जातीधर्मांच्या मुली एकत्र राहतील अशी, आणि त्यांत राहण्याच्या खोल्यांइतकीच गरजेची, रात्री दहापर्यंत उघडी राहणारी संगणकांची खोली, म्हणजे लॅपटॉपसाठी सोयाबीन विकायला नको. टायपिंगच्या बॅचनंतर त्याच यंत्रांवर पायथॉनची बॅच. ज्या कंपन्या विविधतेचे आकडे अहवालात छापतात, त्यांनी ३५ टक्क्यांच्या खाली आणखी एक ओळ द्यावी: यांपैकी किती जणींची दहावी तालुक्याच्या किंवा त्याहून लहान गावात झाली. ही माहिती भरतीच्या अर्जात दहावीच्या शाळेच्या नावाशेजारी आजही असते, फक्त ती कुणी मोजत नाही.